नाकतोड्याचे पाच नारळ

आमच्या भावजींना किड्यांचे फोटो काढायचा भारी नाद. एका रविवारी त्यांच्याबरोबर बन्नेरघट्ट्याच्या रानात मीही गेले, छोटीला कडेवर घेऊन. एकदम भावजी म्हणाले, "वहिनी, हलू नका. छोटीच्या मानेवर बसलाय."

"काय बसलाय?"

"स्वल्प थांबा. रोलमध्ये एकच फोटो उरलाय."

मला वाटलं, विंचूच. मी डोळे मिटून मारुतीला पाच नारळ बोलले. कॅमेरा वाजला.

"झालं. काय सुंदर नाकतोडा होता."

छोटी खिदळत होती. माझ्या जिवात जीव आला.

संध्याकाळी देवळात भावजी म्हणाले, "एका नाकतोड्यापायी पाच नारळ, वहिनी?"

"चार छोटीचे," मी म्हटलं. "पाचवा तुमचा. कॅमेऱ्यासकट माझ्या हातून वाचलात."