सत्कारमूर्तीचा तास

प्रमुख: ऐका मॅडम, भाषणाची सुरुवात अशी आहे. "स्त्री ही शून्यासारखी असते. ज्या आकड्याच्या मागे उभी राहील, त्याची किंमत दसपट करते."

मॅडम: आणि एकटी उभी राहिली तर?

प्रमुख: तो भाग भाषणात घेतलेला नाही.

मॅडम: बरं.

प्रमुख: टाळ्या पडतील ना पण? पहिल्या रांगेत कुलगुरू असणार. 'गणितातील स्त्रीशक्ती सोहळा'. आपल्या विभागात हे प्रथमच होतंय. आणि सत्कारमूर्ती तुम्ही.

मॅडम: मीच का?

प्रमुख: दुसरी आणायची कुठून? विभागात बाई तुम्ही एकट्याच.

मॅडम: समितीत कोण आहे?

प्रमुख: बाकीचे सगळे. म्हणजे आम्ही. तुम्हालाही घेणार होतो, पण सत्कारमूर्तीनं आपल्याच सत्काराच्या खुर्च्या मांडाव्यात, हे बरं दिसत नाही.

मॅडम: थोरले सरही आहेत?

प्रमुख: अध्यक्षच आहेत. घोर तोच आहे मला. बैठक सकाळची, आणि एम.एस्सी.च्या वर्गावर थोरल्या सरांचा टोपॉलॉजीचा तासही सकाळचाच. पोरं बोंब मारतील.

मॅडम: मी घेते.

प्रमुख: तुम्ही? अहो, जड पेपर आहे तो. मला स्वतःला दोनदा द्यावा लागला होता.

मॅडम: माझी डॉक्टरेट टोपॉलॉजीतच आहे, सर.

प्रमुख: हो का? मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते.

मॅडम: दरवर्षी वेळापत्रक लागायच्या आधी येऊन सांगते. तुम्ही म्हणता, थोरले सर निवृत्त होऊ देत, मग बघू. मग त्यांना मुदतवाढ मिळते.

प्रमुख: ते अनुभवाचं झालं. शिवाय वाणिज्यच्या पोरांना तुमच्याइतक्या मायेनं टक्केवारी कोण शिकवणार? बायकांना तो संयम उपजतच असतो.

मॅडम: मी सकाळी टोपॉलॉजी घेतली तर टक्केवारीचं काय करू?

प्रमुख: टक्केवारी कुठे पळून जातेय? कार्यक्रम झाला की घ्या. एका बैठकीचा तर प्रश्न आहे.

मॅडम: एका बैठकीत उरकेल? कुलगुरू येणार, सर. मंचाचा पडदा कुठल्या रंगाचा लावणार?

प्रमुख: गुलाबी. त्यात काय ठरवायचंय?

मॅडम: थोरल्या सरांना जांभळा आवडतो.

प्रमुख: अरेच्चा. त्यांना विचारावं लागेल.

मॅडम: स्मरणिका काढणारच असाल. त्यात आधी फोटो कुणाचा? कुलगुरूंचा की थोरल्या सरांचा?

प्रमुख: हे जरा नाजूक आहे.

मॅडम: उपसमिती नेमली तर? घाई करून नंतर मनं दुखावण्यापेक्षा सावकाश होऊ दे.

प्रमुख: तुम्हाला सुचतं कसं हो हे सगळं?

मॅडम: उपजतच असतं, सर.

(सत्र संपत आलं आहे. तीच खोली. कोपऱ्यात गुंडाळलेले दोन पडदे, एक गुलाबी, एक जांभळा.)

प्रमुख: कालच्यासारखा सोहळा या विद्यापीठानं पाहिला नसेल. फक्त सत्कारमूर्ती फिरकली नाही. कुलगुरूंना काय तोंड दाखवायचं मी?

मॅडम: तास होता. तारीख तुम्ही तीनदा पुढे ढकललीत, ती नेमकी माझ्या शेवटच्या प्रमेयावर येऊन पडली.

प्रमुख: शेवटी तुमचं सन्मानचिन्ह थोरल्या सरांच्या हाती द्यावं लागलं.

मॅडम: स्त्रीशक्तीचं?

प्रमुख: अहो, छातीशी धरून फोटो काढून घेतला त्यांनी. आता परत कुठल्या तोंडानं मागू?

मॅडम: राहू द्या त्यांच्याकडेच.

प्रमुख: आणि सभागृहात औषधालाही मुलगी सापडेना. वनस्पतिशास्त्रातून चौघी उसन्या आणल्या फुलं द्यायला. आपल्या मुली होत्या कुठे?

मॅडम: वर्गात.

प्रमुख: सगळ्या? टोपॉलॉजीला?

मॅडम: मागच्या बाकावरची ती उंच, चष्मेवाली आठवते? गणित सोडून बँकेत चिकटणार होती. काल तिनं प्रमेयावर शंका काढली आणि मला उत्तर येईना.

प्रमुख: सांभाळून घेतलंत ना? थोरले सर अशा वेळी 'हे परीक्षेला नाही' म्हणतात.

मॅडम: आम्ही दोघी फळ्यापाशी उभ्या राहिलो. खूप खोडाखोड झाली. शेवटी सोडवलं तिनंच. घंटा होऊन गेली तरी एक पोरगी उठली नाही. आता म्हणते, बँक राहू दे, संशोधन करते.

प्रमुख: बघा, याला म्हणतात सोहळ्याचा परिणाम. अहवालात घालतो.

मॅडम: घाला.

प्रमुख: आणि तुमच्यासाठी गोड बातमी. टोपॉलॉजी बाईंना द्यावी का, याचा विचार करायला समिती नेमतोय. भाषणाच्या ओघात जाहीरच करून टाकलं.

मॅडम: अध्यक्ष कोण?

प्रमुख: थोरले सर. दुसरं कोण असणार? निर्णय होईपर्यंत आपला वर्ग ते सोमवारपासून परत घेतील.

मॅडम: टोपॉलॉजी संपली, सर.

प्रमुख: संपली म्हणजे?

मॅडम: अख्खा पेपर शिकवून झाला. कालचं प्रमेय शेवटचं होतं.

प्रमुख: मग सोमवारी थोरल्या सरांनी शिकवायचं काय?

मॅडम: वाणिज्यची टक्केवारी सगळी राहिलीय. तास दहाचा आहे.