हरणांची घमेली

बीडहून लिंबागणेशला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एक वयस्क नवराबायको होते. बाईंच्या मांडीवर, दुखण्यातून उठलेल्या बैलासाठी घेतलेले लाल गोंडे होते.

"चांद्याला लई शोभत्याल बघा."

"शोभू दे. पर त्या हरणांसाठी घमेल्यात पाणी ठिवणं बंद म्हंजे बंद."

"हरणांनी काय केलं, अवो?"

"जनावराचा डॉक्टर काय म्हणला? त्यांच्या रगतात बी त्योच किडा असतो. गोमाशी आधी त्यांना चावती, मग आपल्या बैलाला."

"ती तर चांगली टुणटुणीत दिसत्यात."

"तेच तर! त्यांना काय बी व्हत न्हाई, अन् माझा बैल खुंट्याभवती गोल गोल फिरत व्हता."

"तवा तुमी काय म्हणलात? त्याला खळ्यावरची मळणी आठवली!"

"मला वाटलं, सवय आसंल."

"आवं, चांद्या जन्मायच्या आधीच गावात मळणीयंत्र आलतं! मी हट्ट धरला म्हणून डॉक्टर आला."

"बरं बाई, बैल तू वाचवलास."

"अन् डॉक्टर पाणी बंद करा आसं न्हाई म्हणला. गोठ्यापासून लांब ठिवा म्हणला. ठिवलीत मी घमेली नाल्यापलीकडं, हिरीपाशी."

"एवढ्या उन्हात तिथवर भरायला कोण जाईल? मी तर न्हाई."

"मी जाईन."

"तुझं गुडघं येत्याल का?"

"आणीन वढत."

जरा वेळानं गाडीचा वेग कमी झाला.

"अवो, उठलात कावून? आपला फाटा पुढं हाय."

"तू गोंडे घिऊन जा घरी. मी नाल्यापाशी उतरतो. सकाळधरनं घमेली कोरडी असत्याल."