तिकडचा बर्फ

शिवणकामवाल्या मावशींना घरी बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे बसच्या रांगेत परक्यांचा वादही त्यांना गोड लागायचा. पुढे सॉफ्टवेअर कंपनीतल्या एक मॅडम आणि त्यांच्या हाताखालचा मुलगा हुज्जत घालत होते.

"आपल्या सॉफ्टवेअरमधून हवामानाचं ॲप काढूनच टाकू. घरोघरी खिडक्या आहेत की!"

"राहू द्या, मॅडम. नवीन कॉम्प्युटरवर आपोआप असलेलं बरं."

"बघतं कोण ते?"

"माझे बाबा. बघितलं की लगेच गावाहून फोन. 'तिकडे बर्फ पडतोय, स्वेटर घाल.'"

"बर्फ? इथे घामाच्या धारा लागल्यात!"

"ॲपमध्ये आधीपासून भलतंच शहर असतं. त्यांना वाटतं, मी तिथेच राहतो."

"अरे, मग सांग ना त्यांना!"

"सांगितलं तर फोन कशाला करतील?"

"आणि स्वेटरचं?"

"घातलाय म्हणतो."