पोडावरची बैठक

(मुकुटबनजवळचं एक गाव. नलूच्या अंगणात दीपा कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, नुकतीच परत आली आहे.)

दीपा : एकही बाई आली नाही, मावशी. दोन तास चावडीच्या ओट्यावर बसली होती मी.

नलू : कापूस वेचाले गेल्या असतीन.

दीपा : घरीच होत्या. सुखीबाई दारात तूर निवडत होती. मी हाक मारली, तं उठून आत गेली.

नलू : काव, बाया कशा जमवाव्या ते कॉलेजात शिकवलं नाही का तुले?

दीपा : मावशी, असं काहून बोलता?

नलू : मावशी कायले म्हणतं? मॅडम हायेस तू. अकरा वर्षं पायदळ गेली मी त्या पोडावर. तिथले सारे बचतगट म्या उभे केले. आन कोऑर्डिनेटरची जागा निंगाली, तं संस्थेवाले म्हणतेत, नलूताई, तुमची दहावी नाही! तुले पगार, मले मानधन. तुले पेट्रोल, मले नुसता सेवाभाव. माह्या बैठकीत सतरंजी टाकाले येत होती तू. आता माह्या हजेरीवर तुही सही लागते.

दीपा : जाहिरात पाहून अर्ज केला मी. तुमच्या हातची जागा हिसकली नाही.

नलू : माहीत हाये मले.

दीपा : मग सुखीबाईला काय सांगितलं तुम्ही? मी दाराशी गेली, तं म्हणे, नलूबाईनं सांगतलं, हे नवी मॅडम अंगठे घेईन आन जमिनी जातीन आमच्या. खरं हाये का?

नलू : हो. म्या म्हटलं. पहिल्याच दिवशी तू गळ्यात ओळखपत्र घालून आली. अकरा वर्षांत मले नाही देल्लं कोणी. थे पाह्यलं आन आंगाची आग झाली. जा, लिही तुह्या रिपोर्टात.

दीपा : लिहून काय करू? बैठका नाही झाल्या तं मलेच काढतीन. अकरा महिन्याचा करार हाये माझा. आणि...

नलू : आन काय?

दीपा : तिसरा महिना चालू हाये मले.

नलू : बाप्पा! आफिसात सांगतलं?

दीपा : कशी सांगू? माझ्याआधी या जागेवर होती त्या उर्वशीनं सांगितलं होतं. तिले म्हणे, आराम करा. मग करारच नाही वाढवला. बाळंतपणाची रजा इथं पक्क्या लोकांनाच देतात.

नलू : म्हंजे म्या आता एक फोन केला, तं तुही जागा खाली.

दीपा : हो.

नलू : मंग मलेच कायले सांगून राह्यली, पोट्टे?

दीपा : येताना ओकारी झाली. रस्त्याच्या कडेला बसली होती एकटीच. कोणाला तरी सांगावं वाटलं. तुमचं घर जवळ होतं.

नलू : ...बस त्या बाजीवर. ताक आणतो.

दीपा : नको, मावशी.

नलू : बस म्हटलं ना! उद्या दोघी जाऊ पोडावर. म्या खोटं बोलली, तं म्याच सांगीन बायाईले.

दीपा : बरं.

नलू : आन आंदी मी बोलीन. तू मागून.

दीपा : चालेल.

नलू : फोन नाही करत मी. पण माहं जळणं गेलं, असं समजू नको.

दीपा : नाही समजत.

नलू : घे, ताक पी. मीठ टाकलं हाये.