आईच्या वह्या आणि हंसाबेन

आमचे पणजोबा बडोद्याच्या सरकारांच्या फौजेत होते म्हणे, त्यातलं आमच्याकडे काय उरलं तर आडनाव आणि तोंडाळपणा. मी जन्मले बडोद्यात, लग्न करून इथे छाणीला आले, तीस वर्षं ब्लाउज शिवतेय. आई गुजराती शाळेत शिकलेली, म्हणून लिहायची मराठीच, पण अक्षरं गुजराती. गणपतीत मंडळात उभी राहून स्वतःची गोष्ट वाचायची, लोक हसून हसून बेजार, सगळे तिला गोष्टीवाल्या काकूच म्हणायचे. छापून मात्र कधी एक ओळ आली नाही.

शेवटी ती माझ्याकडे होती. ती गेली आणि दादा तिची ट्रंक आवरायला बसला. आई लिहायची दादाच्याच शाळेच्या जुन्या वह्यांत, मागच्या कोऱ्या पानांवर. दादानं पहिलं पान उघडलं, स्वतःची गणितं बघितली आणि गठ्ठा बांधून रद्दी नेणाऱ्या पस्तीवाल्यासाठी दारात ठेवला. मी आत चहा टाकत होते, काय सांगू तुम्हाला, मला पत्ताच नाही. शेजारच्या हंसाबेन भेटायला आल्या होत्या, गुजराती शाळेतल्या रिटायर बाई, वही दिसली की उघडायचीच ही सवय. त्यांनी मागची पानं चाळली आणि तिथूनच ओरडल्या, अरे बेन, आ तो तमारुं मराठी छे, पण अक्षर अमारा!

दादाशी मी अशी भांडले की पस्तीवाला दारातूनच परत गेला. पण भांडून पुढे काय? मंडळवाले म्हणाले, देवनागरीत उतरवून द्या, पुण्याला पाठवू. मी मराठी शाळेतली, गुजराती पाट्या तेवढ्या वाचते, त्यात आईचं ते घाईचं अक्षर, दोन ओळी वाचल्या की डोळे भरायचे आणि पुढचं दिसायचंच नाही. दादाची नंदेसरीच्या कारखान्यात शिफ्ट. मग हंसाबेनच म्हणाल्या, हुं वांचुं, तमे लखो. मी वाचते, तुम्ही लिहा.

तीन वर्षं, रोज दुपारी, त्यांच्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर. हंसाबेनना मराठी शून्य, आधी तर वर्गात हजेरी घेतल्यासारखं वाचायच्या. मग मधेच थांबून विचारायला लागल्या, पछी शुं थयुं, पुढे काय झालं, त्या बाईनं नवऱ्याला शेवटी जेवायला घातलं का नाही? मी म्हणायची, अहो, वही तुमच्या हातात आहे, वाचा की पुढे! मग दोघी हसत बसायचो. माझे ब्लाउज उशिरा झाले, गिऱ्हाइकांनी बोलणी ऐकवली, ऐकवू देत.

सहातल्या पाच वह्या झाल्या आणि साखरेनं हंसाबेनचे डोळे गेले. वही माझ्यापुढे धरून म्हणाल्या, हवे तमे वांचो, आता तुम्ही वाचा. मी म्हटलं, मला नाही जमायचं, मी रडते. तर म्हणतात कशा, रडो ने, मला तरी कुठं मराठी येतं, तरी वाचलंच ना?

वाचलं मग. रडत, अडखळत, पण वाचलं, त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि थांबले की पायानं हिंचका हलवायच्या. एकच गोष्ट राहिली होती आणि त्या गेल्या. ती मी त्यांच्याच घरी जाऊन मोठ्यानं वाचली, त्यांची सून स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, तुम्ही तर बांसारखं वाचता. सासूला ती बा म्हणायची. खरंच हो, आईचे शब्द आणि माझ्या तोंडात हंसाबेनचा हेल. एवढं बरं वाटलं मला त्या दिवशी.

आता पुस्तक येतंय. मी एकच हट्ट धरला, पहिल्या पानावर आईचं गुजराती अक्षर जसंच्या तसं छापा. पुण्याच्या प्रकाशकांचा फोन आला, म्हणाले, ताई, हे इकडे कोण वाचणार? मी म्हटलं, जिनं वाचायचं तिनं वाचलंय, तुम्ही छापा.