सासूबाई आणि बिनपंख्याची डबी

अगं, डोक्याला ताप नुसता! माझ्या छोट्या कॉम्प्युटरसाठी शोधशोधून धातूची, बिनपंख्याची डबी घेतली. पंखा ग्वाल्हेरची सगळी धूळ आत ओढतो. ही डबी स्वतः तापून आतली गरमी बाहेर टाकते. तरी घरून ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये असताना कॉम्प्युटर बंद! पाहते तर सासूबाईंनी डबीला लोकरीचं कव्हर घातलेलं, झालरीसकट!

"आई, हिची गरमी बाहेर पडू द्यायची असते हो!"

"मग आधी नाही का सांगायचं?" त्यांनी कव्हर काढलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. आता डबीवर पातेलं!

"एवढी गरमी बेकार जात होती," सासूबाई म्हणाल्या. "या थंडीत दही कुठे लागतंय? विरजण लावलंय, संध्याकाळपर्यंत हलवू नकोस."