एका कोयत्यात दोन माणसं असतात

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या बोरखळवाडीचे सरपंच अर्जुनराव. तालुक्याहून वेळ काढून आलेले आरोग्य अधिकारी साहेब. व्यासपीठावर बसलेले आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून कडेला उभे राहिलेले मान्यवर. आशाताई, अंगणवाडीच्या बाई, समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या आयाबहिणी. आणि ज्यांना निवृत्तीचा निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या वनमाला सिस्टर, सगळ्यांना छबुबाईचा रामराम.

मी या उपकेंद्रात अंशकालीन स्त्री परिचर आहे. नाव लांबलचक, काम झाडू मारण्यापासून बाळंतिणीचा हात धरण्यापर्यंत. बावीस वर्षं झाली. शिक्षण चौथी. सरपंच म्हणाले, "छबुबाई, दोनच शब्द बोल." दोन शब्दांत बावीस वर्षं कशी बसवू? म्हणून लिहून आणलंय. न लिहिता बोलले तर भांडण होईल.

आत्तापर्यंत पाच जणांनी सिस्टरचं कौतुक केलं. मनमिळाऊ, सेवाभावी, हसतमुख. हसतमुख? बावीस वर्षांत मी त्यांना चारदा हसताना पाहिलं असेल. बाई कडक आहे. गोळ्या खाल्ल्या का, एवढं विचारून थांबत नाही, रिकामं पाकीट दाखव म्हणते. म्हणून तर गावातल्या बायका जगल्या.

आणि सिस्टर लिहून ठेवतात. रजिस्टरात दर घराला एक पान. नवरा-बायको, दोघांचं एकाच पानावर. साधं दुखणं निळ्या शाईनं, जिवावर बेतणारं लाल शाईनं. तेही मराठीत. मी एकदा विचारलं, "सिस्टर, डॉक्टर लोक इंग्रजीत लिहितात, तुमी मराठीत कावून लिहिता?"

"माझ्यामागं तुला वाचता आलं पाहिजे म्हणून," म्हणाल्या. मला वाटलं चेष्टा करतात.

मग गेल्या वर्षी कॉम्प्युटर आला. माणसाची सगळी आजारपणं त्यात भरायची, म्हणजे तो कुठंही गेला तरी तिथल्या डॉक्टरला दिसणार. योजना चांगली आहे, साहेब. आमच्यासारख्या फिरत्या लोकांसाठी तर लईच चांगली. जेवढी नावं भरू, तेवढे पैसे सरकार केंद्राला देणार होतं. तेही चांगलं. पण मार्च संपायच्या आत भरा, असा हुकूम आला. मार्चमध्ये आमच्या गावात असतं कोण? म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुलपं. बाकी सगळे कारखान्यांकडं, ऊसतोडीला.

रोज फोन. "सिस्टर, तुमचा आकडा मागं आहे." सिस्टरचं एकच उत्तर, "माणसं आल्यावर भरते." त्यातच त्या डोळ्याच्या ऑपरेशनला बीडला गेल्या. जाताना मला सांगून गेल्या, "छबू, मी येईपर्यंत एक नाव भरू द्यायचं नाही."

दुसऱ्याच दिवशी बाहेरगावचा ऑपरेटर आला, हरिओम नावाचा. भला माणूस, पण त्याला उसाचं काही ठाऊक नव्हतं. गावची टोळी ऊसतोडीला नेणाऱ्या सटवा मुकादमाच्या घरून त्यानं आधारच्या झेरॉक्स आणल्या. एकेका जोडप्याच्या एकत्र टाचलेल्या, वर नवऱ्याची, खाली बायकोची. हरिओमनं मला विचारलं, "मावशी, टोळीत किती?"

मी म्हणाले, "एक्केचाळीस कोयते."

आता तुम्ही हसताय. तुम्हाला ठाऊक आहे, कोयता म्हणजे जोडपं. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघांचा मिळून एक कोयता. मुकादमाची आगाऊ उचलही कोयत्याला मिळते. तोंडात बसलेला शब्द, निघून गेला. त्यानं एक कोयता म्हणजे एक माणूस धरला. वरच्या झेरॉक्सवरचं नाव घेतलं आणि रजिस्टरच्या पानावर जे काही होतं ते सगळं त्याच नावाखाली घातलं. यादीत एक्केचाळीस, कॉम्प्युटरात एक्केचाळीस. शंभर टक्के! फोन बंद झाले. पैसेही आले. कपाटावर प्रमाणपत्र लागलं.

एक्केचाळीस बायका कुठं गेल्या, हे कुणी विचारलं नाही. सिस्टरनं मला सांगितलेलं मी मोडलं. का? रोजच्या फोनला मी कंटाळले होते. बास. दुसरं कारण नाही.

यंदा पौषात शिवकन्याच्या पायावर कोयता बसला. ती समोर बसलीय, तिसऱ्या ओळीत. लाजू नको गं. तिच्या नवऱ्यानं, अजिनाथनं, तिला कारखान्याजवळच्या दवाखान्यात नेलं. तिच्या नावानं काही सापडेना. अजिनाथच्या नावानं उघडलं, तर डॉक्टर त्याच्याकडंच बघायला लागला. "अहो, तुमची दोन बाळंतपणं झालीत म्हणे!" सगळे हसले. हे सगळंच खोटं दिसतंय म्हणून त्यानं ते बंद केलं आणि सुई भरायला लावली.

शिवकन्या ओरडली, "मला एक सुई सोसत न्हाई!"

"कोणती?"

"नाव न्हाई म्हाईत. आमच्या सिस्टरला म्हाईत हाय."

देव त्या डॉक्टरचं भलं करो, त्यानं हात थांबवला आणि सिस्टरला फोन लावला. सिस्टर वस्तीवर होत्या. त्यांनी मला फोन केला. "छबू, कपाट उघड. अजिनाथचं पान काढ. लाल शाईतलं वाच."

मी चौथी शिकलेली बाई. बोट ठेवून ठेवून वाचलं. पे-नि-सि-लीन. देऊ नये. अंगाला गांधी, श्वास अडकला होता. सिस्टरनं ते लगेच त्या डॉक्टरला कळवलं.

तीच सुई भरलेली होती.

त्यानंतर सिस्टरनं तीन अर्ज दिले. बायकांची नावं वेगळी करा म्हणून. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला आलं, मागं जाऊन दुरुस्तीची सोय नाही. तिसऱ्याला तोंडी सांगितलं, आकडा हलवला तर आलेल्या पैशाचा खुलासा कोण देणार? आणि गेल्या सोमवारी नवीन कागद आला. सगळं आता कॉम्प्युटरात आहे, जुनी रजिस्टरं रद्दीत काढा, कपाट रिकामं करा.

सरपंच घड्याळ बघतायत. झालंच माझं.

साहेब, त्या हारांखाली शंभर टक्क्यांचं प्रमाणपत्र फ्रेम करून ठेवलंय. सत्कार म्हणून ते सिस्टरच्या हातात द्यायचं ठरलंय. देऊ नका. त्या ते घेणार नाहीत, आणि एवढ्या लोकांसमोर तुमचा हात तसाच राहील. खुलासा पाहिजे ना? हा घ्या खुलासा. सिस्टर गावात नव्हत्या. कोयता हा शब्द मी बोलले. माझं नाव लिहा.

दसरा झाला की टोळ्या निघतील. त्याआधी या एक्केचाळीस बायकांची एकेकीच्या नावानं नोंद झाली पाहिजे. त्या गावात आहेत, इथंच बसल्यात. हरिओमला पाठवा. मी शेजारी बसून पान वाचून दाखवते. तोवर रजिस्टरं रद्दीत जाणार नाहीत. कपाटाची किल्ली आज सकाळी सिस्टरनं माझ्या हातात दिली, ती माझ्या कनवटीला आहे. तिथून काढून घ्यायची कुणाची हिंमत असेल तर त्यानं पुढं यावं.

सिस्टर, तुम्ही बसा आता घरी. पाय दुखतात तुमचे, मला माहीत आहे. माझेही दुखतात. तुमच्यामागं मला वाचता येतंय, एवढंच सांगायचं होतं.

चहा केलेल्या बचत गटाच्या बायांचे, माईकवाल्याचे, आणि एवढा वेळ ऐकून घेतलंत म्हणून तुम्हा सगळ्यांचे आभार मानते. मोठ्यांपुढं बोलताना काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. आणि पोटात मावत नसेल, तर खुशाल लाल शाईनं लिहून ठेवा. फक्त माझ्याच नावापुढं लिहा. माझ्या नवऱ्याच्या नको.